विहीणबाईंची पिवळी साडी

आमच्या हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट होत्या आणि त्यांच्या उजेडात सगळं स्वच्छ दिसायचं. हीच अडचण होती.

अर्थात ही अडचण आहे हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. त्या उजेडात मी सुखाने जेवलो, अभ्यास केला (फारसा नाही), लग्न करून सुनंदाला घरी आणलं, तीही मला त्याच उजेडात नीट दिसली. पण मग आमच्या साडूंनी, म्हणजे सुनंदाच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, नागपुरात फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. हॉलमध्ये शिरलो तर उजेड होता, पण दिवा कुठेच नव्हता. मी छताकडे पाहत पाहत सगळा हॉल फिरलो.

"काय शोधून राह्यले, दिलीपराव?" साडूंनी विचारलं.

"दिवा."

"दिवा दिसला तर मग ते इंटिरिअर कसलं?" ते हसले. छताला चहूबाजूंनी पीओपीची पन्हळ केली होती आणि तिच्या आतून पिवळसर उजेड पाझरत होता. "याला मूड लायटिंग म्हणतात. आता सगळीकडे हाच ट्रेंड आहे. ट्यूबलाइट आता फक्त दवाखान्यात अन् रेल्वेच्या फलाटावर."

परतीच्या एसटीत सुनंदा वर्ध्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. वर्धा सुटल्यावर तिने खिडकीबाहेर पाहत विचारलं, "आपला हॉल फलाटासारखा दिसते का हो?"

मी नाही म्हणालो. पण घरी आल्यावर दोन्ही ट्यूबलाइट लावल्या आणि सोफ्यावर बसलो, तर मला आता गाडीची अनाउन्समेंट होईल असं वाटायला लागलं.

इथे आमची थोडी ओळख करून देतो. देवळीला आमचं कापडाचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं आणि मी चालवतो (बाबांच्या मते मी फक्त तिथे बसतो). दुकानाला पुढे दगडी ओटा आहे आणि आमचा सगळा धंदा त्या ओट्यावर उभा आहे. गिऱ्हाइकाने आत साडी पसंत केली की बाबा ती त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "उन्हात पाहून घ्या." मग ती बाई ओट्यावर यायची, पदर उन्हात धरायची, उलटासुलटा करायची आणि मगच भाव बोलायची. पावसाळ्यात आभाळ भरून आलं तर बाबा चांगल्या घरच्या बाईलाही, "आज रंग समजत नाई, उद्या येजा," असं सांगून परत पाठवायचे. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा मला हा सगळा जुनाटपणा वाटायचा.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशालीचं, जमलं. मुलगा हिंगणघाटचा, प्रशांत, बँकेत नोकरीला. याआधी तीन मुलांना नाकं मुरडून झालेली वैशाली या मुलाला पाहून फक्त "ठीक आहे" म्हणाली, आणि नंतर दोन दिवस स्वयंपाकघरात गुणगुणत होती. आम्ही काय ते समजलो. मुलाचे वडील जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. मूठभर कापूस हातात घेऊन, बोटांनी ओढून ते सांगायचे की हा माल कितव्या प्रतीचा. माणूस एकदम शांत. मुलाची आई मात्र मानपानाला फार कडक. मोठ्या मुलाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांना खुर्ची मिळाली नव्हती, सतरंजीवर बसावं लागलं होतं. त्यांनी चहाला हात न लावता खांद्यावर पांघरलेली मानाची साडी उतरवली, मांडीवर तिची घडी केली, ती तिथेच ठेवली आणि उठल्या. ते लग्न म्हणे एक पूर्ण सीझन पुढे गेलं. मध्यस्थाने ही गोष्ट आम्हाला तीनदा सांगितली आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाला, "तेवढं सांभाळजा."

साक्षगंध आमच्या घरी, आमच्या हॉलमध्ये ठरलं. झालं, मला कारण मिळालं.

देवळीत लायटिंगचा माणूस एकच, गजूभाऊ. गणपतीचा मांडव, देवीचा मांडव, लग्नाचा मांडव, सगळीकडे त्याच्याच माळा. मी त्याला हॉलमध्ये उभं करून नागपूरचं सगळं वर्णन सांगितलं.

"म्हंजे लायटिंग लपवाची?" गजूभाऊने विचारलं.

"हो."

"मंग लावाची काऊन?"

मी त्याला मूड समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं, कान खाजवला आणि म्हणाला, "दादा, मूड कोनाचा? तुमचा का पावन्याचा?" तरी माणूस कामाला लागला. वर्ध्याहून पीओपीवाले आले, आठ दिवस घरभर पांढरी धूळ उडाली, डाळीतही ती होती, आणि छताला पन्हळ व मधोमध एक मोठं फूल तयार झालं. पन्हळीत आणि फुलात मिळून गजूभाऊने बारा हॅलोजन बसवले. ट्यूबलाइट काढून मागच्या खोलीत टाकल्या. संध्याकाळी बटण दाबलं तेव्हा सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की घामाचं ते मी विचारलं नाही, कारण एप्रिल लागला होता आणि बारा हॅलोजनखाली आमचा हॉल पापड वाळवायच्या कामाचा झाला होता.

म्हणून पंखा लावला. पंखा नेमका दिव्यांच्या खाली आला. त्याची पाती दिवे झाकायची, उघडायची, झाकायची, उघडायची. सगळा हॉल भिंतींसकट लपलपायला लागला. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अबे दिलीप, हे घर काऊन डोळे मिचकावून राह्यलं?"

"बाबा, त्याला मूड लायटिंग म्हणतात."

"असंन," बाबा म्हणाले आणि पेपर घेऊन बाहेर ओसरीत गेले. ते पुढे महिनाभर तिथेच वाचत होते. आई तांदूळ निवडायला हॉलमध्ये बसायची, ती मात्र हट्टाने तिथेच बसली. आठवडाभर आमच्या भातात खडे लागत होते. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त खडा दाताखाली आला की माझ्याकडे पाहायची.

मी गजूभाऊला परत बोलावलं. एक तर वारा नाहीतर उजेड, असं चालणार नव्हतं. साक्षगंध मे महिन्यात होतं, आणि मे महिन्यात विदर्भात पंखा बंद ठेवून पाहुण्यांना बसवणं हा गुन्हा आहे. गजूभाऊने छताकडे पाहून दोन मिनिटं विचार केला.

"दादा, आपन देवीच्या मांडवात करतो तसं करू ना."

"कसं?"

"ट्यूबलाइटच लपवू. वरतून पिवळा जिलेटिन कागद गुंडाळतो. गरमी नाई, लपलप नाई, अन् पिवळा म्हनसान तेवढा पिवळा."

खोटं कशाला बोलू, मला ही युक्ती साडूंपेक्षाही वरचढ वाटली. हॅलोजन उतरले, ट्यूबलाइट मागच्या खोलीतून परत आल्या, जोडीला आणखी चार आणल्या, सगळ्यांना पिवळे कागद गुंडाळून पन्हळीत आडव्या निजवल्या. गजूभाऊ हात सैल ठेवणारा माणूस, त्याने कागदाचे दोन-दोन वेढे दिले. बटण दाबलं आणि हॉल असा पिवळा झाला की साडूंचा फ्लॅट त्यापुढे फिका. भिंती पिवळ्या, सोफा पिवळा, आम्ही पिवळे. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"दिलीप, तुले कावीळ झाली का रे?"

"नाही काकू, हे इंटिरिअर आहे."

त्या हो म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन आल्या आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

मला त्याची फिकीर नव्हती. नव्या दिव्यांखाली माझी भाषाही सुधारली होती. मी "मले" सोडून "मला" म्हणायला लागलो होतो, निदान हॉलमध्ये तरी. सुनंदाने जाडजूड पडदे शिवून घेतले, कारण दिवसा खिडकीतून ऊन आलं की मूड जायचा.

मग आला विहीणबाईंच्या साडीचा प्रश्न. सुरतहून नवा गठ्ठा नुकताच आला होता. तो दुकानात फोडला असता तर विहीणबाईंची साडी अर्ध्या देवळीने आधीच हाताळली असती. त्यांना अशी साडी द्यायची होती की जी कोणीच पाहिलेली नाही. (तेवढं मात्र मी शब्दशः करून दाखवलं.) म्हणून गठ्ठा तसाच घरी आणला आणि संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर फोडला. पंधरावीस साड्या सोफ्यावर पसरल्या. त्यांत एक होती, सोनेरी काठाची, अंगावर बारीक बुट्टी, आणि रंग असा सुंदर पिवळा की सगळ्यांचा हात तिच्यावरच गेला.

"अवं माय, कशी हळदीसारखी आहे," सुनंदा म्हणाली.

"सवाष्णीले द्याले चांगली," आई म्हणाली.

वैशाली साडी डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. "दादा, ही खरंच पिवळी आहे का? इथं तं आजकाल माझे दातबी पिवळे दिसतात."

"पिवळीच आहे."

बाबा ओसरीतून आत डोकावले. त्यांनी साडीला हातही लावला नाही. "सकाळी ओट्यावर नेजो. उन्हात पाहून घे."

आता मी जे बोललो ते मला आजही झोपेत ऐकू येतं. मी म्हणालो, "बाबा, पंधरा वर्षं झाली मी कापडात आहे. रंग मला शिकवता?"

बाबा ओसरीत परत गेले. सुनंदाने साडी खोक्यात घातली, चमकी कागद लावला आणि वरून रिबिनीचं फूल केलं. त्या फुलाला पाऊण तास लागला. त्यानंतर ते खोकं कोणी उघडायचं म्हटलं असतं तर सुनंदाने हात तोडले असते.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. त्या काळात लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं आणि ते आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. आमच्या भागात बाराला लाइन जायची. पाहुणे दहाला येणार, कार्यक्रम अकरा-सव्वाअकराला आटोपणार, बाराला जेवणं मागच्या अंगणातल्या मांडवात. सगळं मी कागदावर मांडलं होतं. फक्त एक गोष्ट विसरलो. हिंगणघाटहून देवळीला येताना वाटेत सावंगी लागते, तिथे मोठा दवाखाना आहे, आणि आपल्याकडचा माणूस सावंगीवरून जातो तेव्हा ओळखीचं कोणी ना कोणी तिथे ॲडमिट असतंच. मुलाच्या एक आत्या तिथे होत्या. सगळी सुमो आत्यांना पाहायला उतरली. तिथे बाजूच्या खाटेवरही हिंगणघाटचेच कोणी निघाले. पाहुणे आमच्या दारात उतरले तेव्हा घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

मी पडदे ओढून घेतले होते आणि सगळे दिवे लावले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पिवळा अंधार. नवरदेवाचे मामा उन्हातून आत आले ते सरळ टीपॉयवर बसले. त्यांना उठवून सोफ्यावर नेलं. विहीणबाईंना मी स्वतः हात धरून सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसवलं. खुर्ची! सतरंजी मी आदल्या दिवशीच माळ्यावर टाकून दिली होती.

विहीणबाईंनी चहूकडे पाहिलं. "छान आहे. गाभाऱ्यात आल्यासारखं वाटून राह्यलं."

मी हे कौतुक समजलो. व्याही मात्र चष्म्याची काच सारखी पुसत होते. "उजेड थोडा पिवळा आहे," ते हळूच म्हणाले.

"ट्रेंड आहे," मी म्हणालो. "आता सगळीकडे असाच असतो."

"असंन," व्याही म्हणाले आणि चष्मा खिशात घालून ठेवला. बाबा आणि ते एकाच पद्धतीने "असंन" म्हणतात हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

वैशालीला पाटावर बसवलं. विहीणबाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि खोक्यातून साडी काढून तिच्या खांद्यावर टाकली. "वांगी रंगाची आहे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "नागपूरच्या मोठ्या दुकानातून घेतली. दिलीपराव, तिथंबी अस्सेच दिवे होते, लपवलेले."

"बघा," मी बाबांकडे पाहून म्हणालो. वैशाली खाली मान घालून बसली होती, पण कोपऱ्यातून प्रशांतकडे पाहत होती आणि हसू दाबत होती. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. बारा दिवे, आठ दिवसांची धूळ, काविळीचं औषध, सगळ्याचं सार्थक झालं.

मग सुनंदाने विहीणबाईंना हळदीकुंकू लावलं, रिबिनीचं फूल जड मनाने सोडलं आणि आमची साडी त्यांच्या दोन्ही खांद्यांवरून पांघरली.

"अवं, किती छान पिवळी! मले पिवळा आवडते हे तुमाले कसं कळलं?"

"कापडात आहोत आम्ही," मी मान झुकवून म्हणालो.

आणि लाइन गेली. मी घड्याळाकडे बघायचं विसरलो होतो, महावितरण विसरलं नव्हतं. हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला, पंखा कुरकुरत थांबला.

"परदे उघडा ना कोनी," मामांचा आवाज आला. दुसरं कोणी उठायच्या आत ते स्वतःच उठले आणि टीपॉयच्या अनुभवामुळे असेल, आधार म्हणून पडदा असा ओढला की दांडीसकट खाली आला. भर दुपारचं ऊन धाडकन हॉलमध्ये शिरलं.

कापडाच्या धंद्यातला माणूस असल्यामुळे सगळ्यात आधी मलाच दिसलं. विहीणबाईंच्या खांद्यावरची साडी पांढरी होती. क्रीम नाही, मोतिया नाही. धुतल्या धोतरासारखी स्वच्छ पांढरी.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नवरा समोर बसलेला असताना शुभकार्यात बाईच्या अंगावर पांढरी साडी घालणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. विहीणबाईंनी आधी खाली साडीकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून यजमानांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दिलीपराव," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "माहे मालक समोर बसून चिवडा खाऊन राह्यले."

व्याह्यांनी चिवडा चावायचा थांबवला.

"नाही, म्हणजे, ही ऑफव्हाइट..." मी सुरुवात केली. सुनंदाने पाठीमागून चिमटा काढला. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागली. मध्यस्थ दाराच्या दिशेने सरकला. आणि विहीणबाईंनी खांद्यावरून साडी उतरवली, मांडीवर घेतली आणि तिची घडी घालायला सुरुवात केली. तीच घडी! आता उठणार, हे सगळ्यांना कळलं. प्रशांत "आई, ऐक ना," असं काहीसं म्हणाला, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मी वैशालीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. गंमत गेली चुलीत, मला त्या वेळी खरोखर रडू आलं. एवढीशी होती तेव्हापासून दुकानात माझ्या मांडीवर बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची ही पोरगी. पहिल्यांदा काहीतरी मनापासून हवं होतं तिला, आणि ते मी एका जिलेटिनच्या कागदापायी घालवत होतो. माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "मावशी, मी गधा आहो," मी म्हणालो. "मले बाबांनी सांगतलं होतं, उन्हात पाह्य म्हून. मी नाई पाह्यलं. तिची काई चूक नाई याच्यात."

विहीणबाईंची एक घडी झाली होती, दुसरी चालू होती.

तेवढ्यात वैशाली पाटावरून उठली. साक्षगंध चालू असताना नवरीने पाटावरून उठू नये म्हणतात, पण ती उठली, खिडकीपाशी गेली आणि आपल्या खांद्यावरची वांगी साडी दोन्ही हातांनी उन्हात धरली.

"काकू, माहीबी पाहा ना."

वांगी नव्हती. काळी होती. कुळकुळीत काळी, काठासकट. नवऱ्या मुलीला साक्षगंधात काळी साडी.

विहीणबाईंचे हात थांबले. त्या अर्धी घडी बगलेत धरूनच खुर्चीतून उठल्या, खिडकीशी आल्या, वैशालीच्या साडीचा पदर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हे तं वांगी होती," त्या म्हणाल्या. आवाज निम्म्यावर आला होता.

"तिथं वांगीच दिसली असंन, काकू," वैशाली म्हणाली. "तिथंबी अस्सेच दिवे होते ना?"

मग जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. व्याह्यांनी चिवड्याची प्लेट खाली ठेवली, खिशातून चष्मा काढून घातला आणि उठून खिडकीशी आले. एका हातात पांढरा पदर धरला, दुसऱ्या हातात काळा, आणि बोटांनी कापूस ओढावा तसे दोन्ही जरा ओढून पाहिले.

"चाळीस वर्षं झाले मले जिनिंगमदी," ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे सगळ्यात मोठं भाषण. "दिव्याखाली कापूस कधी पाह्यला नाई. पिवळ्या दिव्याखाली चांगला माल अन् डागी माल सारखाच. काल नागपुरात हिले म्हनलं, दारापाशी नेऊन पाह्य. तं म्हने, एसीतून बाहेर कोन जाईन."

"तुमी चूप बसा," विहीणबाई म्हणाल्या.

"मीबी याले सांगतलं होतं," बाबा पुढे येत म्हणाले. "ओट्यावर नेजो म्हनलं. तं म्हने, पंधरा वर्षं कापडात आहे, रंग मले शिकवता?"

दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं आणि एकाच वेळी मान हलवली. ते पाहून विहीणबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण तो नेमका पांढरा निघाला, मग काळ्याकडे हात नेला, तोही सोडला, आणि शेवटी उघडउघड हसल्या. विहीणबाई हसल्या म्हटल्यावर मामा हसले, मध्यस्थ दारातून परत आला, आईचे डोळे उघडले आणि वैशाली हसता हसता रडायला लागली.

"चला," बाबा म्हणाले, "दुकान दहा पावलांवर आहे."

मे महिन्याच्या भर दुपारी आमचं सगळं साक्षगंध चालत बाजारात निघालं. पुढे बाबा आणि व्याही, मागे विहीणबाई डोक्यावर पदर घेऊन, मग नवरा-नवरी, मग बाकीचे, आणि सगळ्यांच्या मागे मी, बगलेत एक पांढरी आणि एक काळी साडी घेऊन. दुकानातही लाइन नव्हतीच. बाबा आतून एकेक साडी ओट्यावर आणत, विहीणबाई ती उन्हात धरत, व्याही मान हलवत. तासभर हे चाललं. बाजारातली अर्धी माणसं रसवंतीच्या टपरीशी उभी राहून बघत होती. शेवटी वैशालीला डाळिंबी ठरली आणि विहीणबाईंनी स्वतःसाठी पिवळी काढली. खरोखरची पिवळी, मी तिला दोनदा उन्हात पाहिलं आणि एकदा मामांना विचारलं. सुनंदाने ओट्यावरच परत कुंकू लावलं. आमच्या घराण्यातलं दुकानाच्या पायरीवर झालेलं हे एकमेव साक्षगंध.

गजूभाऊही गर्दीत होता. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दादा, लायटिंग कशी वाटली पावन्याइले?"

लग्न ठरल्या तारखेला झालं. जिलेटिनचे कागद दुसऱ्याच दिवशी बाबांनी स्वतः स्टुलावर चढून काढले आणि पेपर घेऊन हॉलमध्ये आले. लाइन जायच्या आधी काढलेले साक्षगंधाचे फोटो हिंगणघाटला अल्बममध्ये आहेत. सगळे हळद लागल्यासारखे पिवळे, आणि मी मधोमध मान झुकवून उभा. साडू लग्नाला आले होते. आमच्या ट्यूबलाइटकडे पाहून म्हणाले, "अरे वा, नागपुरातही आता परत पांढऱ्या उजेडाचा ट्रेंड येऊन राह्यला." मी त्यांना आंबरस वाढायला दुसऱ्याला पाठवलं.

विहीणबाईंनी माझ्यावर राग धरला नाही, हे त्यांच्या मोठेपणाचं. फक्त माझ्या हातची वस्तू त्या घरात तशीच घेत नाहीत. मिठाई नेली तर पुडा आधी अंगणात जातो, वैशालीच्या पोराला झबलं नेलं तर तेही. गेल्या भाऊबीजेला मी रिकाम्या हाताने आत शिरत होतो (पाकीट खिशात होतं), तर विहीणबाई ओसरीतून म्हणाल्या, "दिलीपराव, थांबा. थोडं उन्हात उभे राहा."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आतून व्याही आले. खिशातून चष्मा काढला, घातला, माझी बाही दोन बोटांत धरून जरा ओढून पाहिली, मला एकदा समोरून आणि एकदा मागून बघितलं.

"मध्यम प्रत आहे," ते घरात वळून म्हणाले. "घ्या आत."